विसरलेले ॲडव्हेंचर गेम आज खेळायचे तर: आवृत्ती, मांडणी आणि एक वही

प्रश्न परभणीहून आला आहे. थोडक्यात असा: ४ जीबी रॅमचा, १३६६ बाय ७६८ पडद्याचा जुना विंडोज लॅपटॉप आहे. लहानपणी सायबर कॅफेत पॉइंट-अँड-क्लिक ॲडव्हेंचर, म्हणजे माउसने क्लिक करत कोडी सोडवून गोष्ट पुढे न्यायची, अशा प्रकारचे एक-दोन गेम अर्धवट पाहिले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा येणार आहे, मराठी माध्यमात सातवीला. सगळ्यांच्या तोंडी असलेली दोन-चार नावे सोडून, मागे पडलेले चांगले ॲडव्हेंचर गेम कोणते? ते या मशीनवर नीट कसे चालतील? आणि मागे एकदा प्रयत्न केला तेव्हा चित्र चपटे, आवाज चिरका आणि खेळ कंटाळवाणा का वाटला?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण गोम तिथेच आहे. १९८५ ते १९९८ या काळातले बरेचसे ॲडव्हेंचर गेम आज नकोसे वाटतात ते जुने झाले म्हणून नव्हे. ते चुकीच्या आवृत्तीत, चुकीच्या वेगाने, चुकीच्या आकारात आणि पुस्तिकेशिवाय आपल्यासमोर येतात. या चार गोष्टी दुरुस्त केल्या की त्यातले अर्धेअधिक आजही खिळवून ठेवतात. म्हणून खेळांची नावे नंतर, आधी मांडणी.

तुमच्या लॅपटॉपवर पहिली गोष्ट टाकायची ती स्कमव्हीएम. २००१ साली सुरू झालेला हा मोफत, मुक्तस्रोत कार्यक्रम आहे. मूळ गेमची डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीतली किंवा विंडोज ९५ मधली चालवणारी फाइल तो वापरतच नाही. गेमची चित्रे, आवाज आणि पटकथा असलेल्या डेटा फाइली वाचून तो गेम स्वतःच्या इंजिनात चालवतो. त्यामुळे प्रोसेसर कितीही वेगवान असो, पात्रे ठरलेल्या चालीनेच चालतात. ४ जीबी रॅम त्याला भरपूर होते. विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे ते पाहून त्याप्रमाणे उतरवून घ्या.

डी ड्राइव्हवर 'गेम्स' असा फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक खेळाला वेगळा उपफोल्डर द्या. नावे रोमन लिपीत, आखूड, मधे जागा न सोडता. खेळाची झिप फाइल आली असेल तर ती उघडून आतल्या फाइली थेट या उपफोल्डरात आल्या आहेत ना, हे डोळ्यांनी बघा. 'गेम सापडला नाही' हा संदेश बहुतेक वेळा झिप न उघडल्यामुळे किंवा फोल्डरात फोल्डर अडकल्यामुळे येतो. मग स्कमव्हीएममध्ये 'ॲड गेम' दाबा आणि फाइल नव्हे, तो फोल्डर निवडा. फाइलींची नावे, आकार आणि ठसा जुळवून तो खेळाचे नाव, भाषा आणि आवृत्ती स्वतः ओळखतो. 'अनोळखी आवृत्ती' असे म्हणाला तर फाइली कुणीतरी बदललेल्या आहेत किंवा अर्धवट आहेत असे समजा. तसा खेळ पुढे नेऊ नका. मध्येच एखादे कोडे सुटेनासे होते आणि दोष आपल्या डोक्याला लागतो. दुकानात मिळत नाही म्हणजे हक्क संपले असेही नसते, त्यामुळे कुठून तरी उचललेल्या प्रतींच्या नादी लागू नका. अधिकृतपणे मोफत केलेले खेळ आहेत, आणि बाकीचे गॉग किंवा स्टीम या ऑनलाइन दुकानांत विकत मिळतात. गॉगवरून घेतलेला खेळ एकदा इन्स्टॉल केला की तोच फोल्डर कॉपी करून पेन ड्राइव्हवर, लिनक्सवर किंवा मोबाइलवरच्या स्कमव्हीएमला देता येतो.

आता चपट्या चित्राबद्दल. त्या काळातल्या डॉस खेळांचे चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचे असे, पण मॉनिटर ४:३ आकाराचा. म्हणजे २०० ओळी २४० ओळींच्या जागेत ताणल्या जात आणि प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच दिसे. चित्रकारांनी चेहरे, चाके, चंद्र सगळे हा ताण धरूनच रंगवले. आजचा चौरस ठिपक्यांचा पडदा तो ताण देत नाही, म्हणून माणसे बुटकी आणि जाड दिसतात. आणि चित्र १६:९ पडद्यावर कडेपर्यंत ओढले की आणखी वाट लागते. स्कमव्हीएमच्या 'ग्राफिक्स' भागात 'आस्पेक्ट रेशो करेक्शन'वर खूण करा आणि 'स्ट्रेच मोड'मध्ये 'फिट टू विंडो' निवडा. 'स्ट्रेच टू विंडो' नको. तुमच्या पडद्यावर चित्र १०२४ बाय ७६८ होईल आणि दोन्ही बाजूंना १७१ ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहतील. त्या राहू द्या.

एक बारकावा आहे. ३२० बाय २०० चे चित्र ४:३ मध्ये अगदी स्वच्छ, प्रत्येक ठिपका सारखा, असे बसते ते आडवे पाचपट आणि उभे सहापट केल्यावर, म्हणजे १६०० बाय १२०० वर. ७६८ ओळींत ते शक्य नाही, म्हणून काही ओळी जाड आणि काही बारीक होतात. पडदा सरकताना हे डोळ्यांना खुपते. त्यावर उपाय म्हणजे त्याच भागातला 'फिल्टर ग्राफिक्स' चालू करणे. चित्र किंचित मऊ होईल. पण जुन्या काचेच्या मॉनिटरवरही ते तसेच दिसायचे आणि १६ रंगांची चित्रे तो मऊपणा धरूनच काढलेली होती.

आवाजाचा विषय याहून मोठा आहे आणि लोक तो सर्वांत जास्त दुर्लक्षितात. एकाच खेळाचे संगीत त्या काळी तीन-चार उपकरणांसाठी वेगवेगळे बांधलेले असे: संगणकाचा आतला स्पीकर, ॲडलिब किंवा साउंड ब्लास्टर कार्ड, आणि १९८७ साली आलेले, रोलँड कंपनीचे एमटी-३२ हे बाहेरून जोडायचे संगीतयंत्र. संगीतकार बहुधा एमटी-३२ समोर ठेवून लिहीत आणि मग ते बाकीच्यांसाठी उतरवत. चिरका आवाज आला असेल तर बहुतेक तुमच्या प्रतीत पीसी स्पीकर निवडलेला होता. 'ऑडिओ' भागात निदान ॲडलिब निवडा. एमटी-३२ ची नक्कल स्कमव्हीएममध्ये आहे, पण तिला मूळ यंत्रातल्या दोन रॉम फाइली लागतात आणि त्या हक्काच्या असल्याने सोबत येत नाहीत. त्या नसताना एमटी-३२ निवडू नका, भलतीच वाद्ये वाजतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीत कूलर चालू असतो आणि त्या घरघरीत संवाद हरवतात. हेडफोन लावा, आणि 'टेक्स्ट अँड स्पीच' मध्ये 'बोथ' निवडून आवाजाबरोबर अक्षरेही येऊ द्या. मराठी माध्यमातल्या मुलासाठी तर हे हवेच. अक्षरांचा वेग त्याच ठिकाणी कमी करता येतो. बऱ्याच खेळांत स्पेसबारने खेळ थांबतो, तेवढ्यात शब्द विचारून घेता येतो.

स्कमव्हीएम ज्याला हात लावत नाही अशा डॉस खेळासाठी डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा कार्यक्रम. इथे वेग आपल्याला ठरवावा लागतो आणि तो 'सायकल्स'मध्ये मोजतात. २८६ प्रोसेसरच्या काळातल्या खेळाला साधारण ३०००, ३८६ च्या खेळाला ६००० ते ८०००, ४८६ च्या खेळाला २०,००० च्या आसपास किंवा थोडे वर. खेळ चालू असताना कंट्रोल आणि एफ११ ने वेग कमी होतो, कंट्रोल आणि एफ१२ ने वाढतो. माउस अडकला तर कंट्रोल आणि एफ१० ने सुटतो. वेग जास्त असेल तर नुसती पात्रे धावत नाहीत, खेळ मोडतोही. सिएरा कंपनीच्या काही खेळांत साउंड ड्रायव्हर सुरू होताना वेळ मोजतो. प्रोसेसर फार वेगवान असला की मोजणी चुकते आणि 'साउंड हार्डवेअर सुरू करता येत नाही' म्हणून खेळ बंद पडतो. लोक कार्डात दोष शोधत बसतात. सायकल्स ३००० वर आणा, खेळ सुरू होऊ द्या, मग वाढवा. 'मॅक्स' मात्र ठेवू नका. त्यात प्रोसेसरचा एक गाभा (कोर) कायम पूर्ण क्षमतेने राबतो, आणि बाहेर ४२-४३ अंश असताना जुन्या लॅपटॉपचा पंखा ते झेपवू शकत नाही. मशीन तापून स्वतःच मंदावते आणि आवाज तुटू लागतो.

घरात मूळ सीडी असतील तर त्यांची प्रत आयएसओ म्हणून काढू नका. १९९० ते १९९६ मधल्या अनेक सीडींवर पहिल्या ट्रॅकवर डेटा आणि पुढच्या ट्रॅकवर साधे ऑडिओ सीडीसारखे संगीत असे. आयएसओमध्ये फक्त डेटा येतो, संगीत जाते, आणि खेळ मुका होतो. डेटा आणि संगीत दोन्ही टिकवणारी बिन-क्यू फाइलींची जोडी काढा. सीडी पुसताना मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसले तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेनेच पडतो आणि वाचताना फार मोठा भाग एकदम जातो. पत्र्याखाली, माळ्यावर ठेवलेल्या घरी लिहिलेल्या सीडी उष्णतेने लवकर उतरतात, तेव्हा प्रत काढायची असेल तर त्या आधी घ्या.

लाइटचे काय? लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर प्रश्न नाही, पण जुन्या लॅपटॉपची बहुधा नसते. स्कमव्हीएम दर ५ मिनिटांनी स्वतः सेव्ह करतो आणि ते अंतर कमी करता येते. तरी त्यावर विसंबू नका, कारण स्वयंचलित सेव्ह एकच जागा पुन्हा पुन्हा वापरतो. या खेळांत त्यात एक वेगळाच धोका आहे: काहींमध्ये तुम्ही न मरता कायमचे अडकू शकता. 'रिटर्न टू झोर्क' (१९९३) मध्ये अगदी सुरुवातीच्या दृश्यात एक रोप आहे. ते सुरीने खणून मुळासकट घेतले तर ठीक. कापून घेतले तर ते मरते, आणि त्याचा परिणाम कितीतरी तासांनी, शेवटाकडे कळतो. 'किंग्ज क्वेस्ट ५' (१९९०) मध्ये भूक लागली म्हणून कस्टर्ड-पाय हा गोड पदार्थ खाऊन टाकला की पुढे बर्फातल्या हिममानवावर फेकायला काही उरत नाही. म्हणून नियम असा: एकाच जागेवर सेव्ह करायचे नाही. नवी जागा दिसली, वस्तू खर्च झाली, परत न येणारा दरवाजा ओलांडला, की नवा सेव्ह. आणि नावात नुसते '५' न लिहिता 'गुहेत जाण्याआधी' असे काहीतरी कळेलसे लिहायचे. सिएराच्या खेळांत हे फार जपा. १९९० नंतरच्या लुकासआर्ट्सच्या खेळांत अडकायची भीती जवळपास नसते.

आता खेळ. पहिला घ्या 'बिनीथ अ स्टील स्काय', १९९४, ब्रिटनच्या रिव्होल्यूशन कंपनीचा. त्यातली पार्श्वचित्रे डेव्ह गिबन्स या कॉमिक्स चित्रकाराच्या हातची. २००३ मध्ये कंपनीने तो मोफत केला, त्यामुळे स्कमव्हीएमच्या संकेतस्थळावरून तो हक्काने उतरवता येतो. दोन आवृत्त्या आहेत: फ्लॉपीची दहा एमबीच्या आतली, बिनआवाजाची, आणि सीडीची सुमारे ७० एमबीची, पूर्ण संवादांसह. दुसरी घ्या. पोलाद आणि काँक्रीटच्या एका बंदिस्त महानगरात बळजबरीने आणलेला रॉबर्ट फॉस्टर आणि एका सर्किट बोर्डात राहणारा त्याचा रोबो मित्र जोई यांची ही गोष्ट.

नवखे इथे पहिल्या पाच मिनिटांत सोडून देतात, कारण डावी कळ दाबली की फॉस्टर फक्त वर्णन करतो. वस्तू उचलायला, वापरायला, बोलायला उजवी कळ लागते. हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे असलेल्या वस्तूंची पट्टी माउस पडद्याच्या वरच्या कडेला नेल्यावर उघडते. पहिले दृश्य उदाहरणादाखल सांगतो. तुम्ही कारखान्यातल्या उंच लोखंडी सज्जावर उभे आहात, खाली पहारेकरी शोध घेतो आहे आणि दार बंद आहे. कठड्याची एक सळई सैल आहे. ती घ्या, तिने दार उचकटा. खाली भंगारात एक रिकामे रोबोचे कवच पडले आहे, त्यावर जोईचा बोर्ड वापरा. तो उठला की त्याच्याशी बोला, आणि प्रत्येक नव्या जागी पुन्हा बोला. पुढे या खेळाची निम्मी कोडी जोईला योग्य वेळी योग्य काम सांगण्याची आहेत. विसरलात की अडकलात. यात मृत्यू आहेत आणि काही प्रसंग भडक आहेत, तेव्हा सातवीतल्या मुलाबरोबर मोठ्याने बसावे.

भाच्याला एकट्याला द्यायचा असेल तर 'गॉब्लिन्स २' द्या. फ्रान्सच्या कॉक्टेल व्हिजनचा, १९९२ चा. इंग्रजीचा अडथळा इथे सर्वांत कमी, कारण जवळजवळ सगळे कोडे चित्रात आणि हालचालीत आहे. फिंगस हा शहाणा आणि विंकल हा खोडकर, दोघांना आळीपाळीने हलवायचे. तीच वस्तू एकाने वापरली तर एक घडते, दुसऱ्याने वापरली तर भलतेच, आणि जे फसते तेही बघण्यासारखे चितारलेले असते. युक्ती वेळेची आहे. एकाला कामाला लावून तो ते करत असतानाच, पुरे व्हायची वाट न बघता, दुसऱ्यावर क्लिक करायचे: एकाने कुणाचे लक्ष वेधले त्याच क्षणी दुसऱ्याने वस्तू लंपास करायची. 'उपाय बरोबर आहे पण जमत नाही' अशी अडचण आली तर चूक क्रमात नसून दोन क्लिकमधल्या अंतरात असते. मालिकेतला पहिला भाग आधी देऊ नका. त्यात चुकीच्या कृतीला ताकदीची पट्टी कमी होते आणि संपली की खेळ संपतो. मूल प्रयोग करायलाच घाबरते. दुसऱ्या भागात ती पट्टी नाही.

यानंतर 'लूम', आणि इथे थोडे थांबतो, कारण याच्यासारखा दुसरा झाला नाही. १९९०, लुकासफिल्म (म्हणजे पुढची लुकासआर्ट्स), रचनाकार ब्रायन मोरियार्टी. यात पिशवी नाही, वस्तू गोळा करणे नाही, क्रियापदांची यादी नाही. विणकरांच्या पंथातला बॉबिन हा मुलगा आणि त्याच्या हातातली सुताची काठी. काठीवर स्वर आहेत. चार स्वर क्रमाने वाजवले की एक मंत्र होतो: उघडणे, रंगवणे, रिकामे करणे. सुरुवातीला थोडेच स्वर हाती असतात, खेळ पुढे जातो तसे वाढतात. मंत्र शिकायचे ते जगातून. एखाद्या वस्तूवर किंवा प्राण्यावर क्लिक केले की तिचे स्वर ऐकू येतात. ते वहीत लिहायचे. खेळ ते आठवण म्हणून ठेवत नाही, आणि बरेचसे मंत्र दर नव्या खेळात बदलतात, म्हणून इंटरनेटवरून उतरवलेले स्वर तुमच्या खेळात लागू पडतीलच असे नाही. स्वर उलट्या क्रमाने वाजवले की उलटा परिणाम होतो. किनाऱ्यापलीकडे गरगर फिरणारा पाण्याचा स्तंभ वाट अडवतो. त्यावर क्लिक केले की पिळण्याचे स्वर ऐकू येतात; तेच उलटे वाजवले की पीळ सुटतो. एवढे एकदा कळले की पुढच्या प्रत्येक मंत्राकडे आपण दोन मंत्र म्हणून बघू लागतो, आणि खेळाची खरी गंमत तीच.

लूममध्ये काठिण्याच्या तीन पातळ्या आहेत. 'स्टँडर्ड'मध्ये काठीखाली स्वरांची अक्षरे दिसतात. 'एक्स्पर्ट'मध्ये काहीच दिसत नाही, फक्त कानाने ओळखायचे. घरात कुणी हार्मोनियम शिकत असेल तर एक्स्पर्ट घ्या. विकत मिळते ती २५६ रंगांची, बोलकी सीडी आवृत्ती. आवाज चांगले आहेत, पण सीडीवर जागा पुरावी म्हणून संवाद छाटलेले आहेत आणि काही जवळची चित्रे गळली आहेत. १६ रंगांची मूळ फ्लॉपी आवृत्ती कुणाकडे हक्काची असेल तर ती घ्या. मार्क फेरारीने सोळा रंगांत रात्र आणि धुके कसे उभे केले ते पाहण्यासारखे आहे, आणि पूर्ण संवाद तिथेच आहेत. दोन्ही स्कमव्हीएममध्ये चालतात.

टाइप करून खेळायच्या खेळांपैकी एकच सुचवतो: 'द कर्नल्स बिक्वेस्ट', १९८९, सिएराच्या रॉबर्टा विल्यम्सचा. १९२५ मधले लुइझियाना, दलदलीतला वाडा, कर्नलने मृत्युपत्रासाठी जमवलेले नातेवाईक, आणि एकेक माणूस नाहीसे होणे. मागे पडला तो लोकांनी त्याला कोडी सोडवायचा खेळ समजल्यामुळे. हा टेहळणीचा खेळ आहे. घड्याळ आपोआप चालत नाही. तुम्ही ठरावीक जागी ठरावीक प्रसंग पाहिला की ते पंधरा मिनिटे पुढे जाते. त्यामुळे वेळ पुढे सरकला की सगळ्या खोल्यांतून पुन्हा एक फेरी मारायची, जिथे दोघे बोलताना दिसतील तिथे थांबून ऐकायचे. काहीही न उलगडता शेवटापर्यंत पोचता येते, पण मग शेवटी मिळणारा हुद्दा फजिती सांगतो. आज्ञा रोमन लिपीत द्यायच्या: 'लुक', 'सर्च', 'ओपन', आणि मुख्य म्हणजे 'आस्क अमुक अबाउट तमुक'. भेटलेल्या प्रत्येकाला बाकीच्या प्रत्येकाबद्दल विचारा. टाइप करायला लागले की खेळ थांबतो, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंग शोधायला सवड मिळते. वाड्यात सैल कठडे आहेत आणि एक झुंबर आहे. त्याखाली रेंगाळू नका. स्कमव्हीएममध्ये या खेळाला ठिपक्यांची जाळी घालवून सलग रंग दाखवायचा पर्याय आहे. एकदा चालू-बंद करून पाहा. मला जाळी असलेलेच चित्र जास्त खोल वाटते.

पुस्तिकेशिवाय खेळ कसा मरतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'कॉन्क्वेस्ट्स ऑफ द लाँगबो', १९९१, क्रिस्टी मार्क्सचा रॉबिन हूड. झाडांची, रत्नांची लक्षणे, सरदारांची बोधचिन्हे, बोटांची सांकेतिक लिपी हे सगळे छापील पुस्तिकेत होते, आणि खेळ ते मध्ये मध्ये विचारतो. अंदाजाने उत्तर दिले तर मरण. विकत घेतल्यावर सोबत पीडीएफ येते. तीच पाने छापून वहीत लावा. शेवट एकच नाही: किती खंडणी जमवली, किती साथीदार गमावले, मॅरियनशी कसे वागलात, यावर निकाल ठरतो. यात एके ठिकाणी पटावर बसावे लागते. तो पट म्हणजे आपली नवकंकरी: तीन चौकोन, प्रत्येकी नऊ सोंगट्या, तिघांची रांग झाली की समोरच्याची एक उचलायची. घरात आजी-आजोबांपैकी कुणाला येत असेल तर तेवढ्या डावापुरते त्यांना लॅपटॉपसमोर बसवा.

मोठ्यांसाठी 'ब्लेड रनर', वेस्टवुड, १९९७. लहान मुलांसमोर नको. त्याची मूळ संहिता (सोर्स कोड) हरवलेली आहे. स्कमव्हीएमच्या लोकांनी वर्षानुवर्षे उलट दिशेने उकलून त्याला २०२० मध्ये आधार दिला. पात्रांपैकी कोण माणूस आणि कोण कृत्रिम हे प्रत्येक नव्या खेळात काही प्रमाणात बदलते. म्हणून लिहिलेल्या मार्गदर्शिका अर्धवटच जुळतात, आणि पुरावे स्वतः वाचावे लागतात. २०२२ ची नवी सुधारित आवृत्ती न घेता मूळच घ्या.

अडकल्यावर काय करायचे? वहीत तीन रकाने ठेवा: कुठे काय बंद आहे, हातात काय आहे, कोण काय मागत होते. वीस-पंचवीस मिनिटे काहीच हलले नाही की आधी हातातली प्रत्येक वस्तू पुन्हा 'पाहा', कारण वर्णनात इशारा असतो. मग शेवटची घटना घडल्यानंतर कुणाकुणाशी बोललो नाही ते बघून बोला. मग प्रत्येक दृश्याच्या चारही कडा तपासा. न दिसलेला रस्ता हे अडकण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. तरीही नाही जमले तर पूर्ण मार्गदर्शिका उघडू नका. १९८८ पासून चालत आलेली यूएचएस ही इशाऱ्यांची पद्धत वापरा. तिथे प्रश्न निवडला की एकेक ओळ उघडते: आधी नुसती दिशा, मग थोडे स्पष्ट, शेवटी उत्तर. मार्गदर्शिकेत एका नजरेत पुढची दहा कोडी वाचली जातात आणि मग खेळायला काही उरत नाही.

मोबाइलवर खेळायचे असेल तर अँड्रॉइडचे स्कमव्हीएम प्ले स्टोअरवर आहे. बोट टचपॅडसारखे वापरायची पद्धत निवडा. थेट बोट ठेवले की बारीक वस्तू बोटाखाली झाकतात. दोन बोटांनी टिचकी म्हणजे उजवी कळ. टाइप करायचे खेळ मोबाइलवर नकोत.

शेवटी ठेवला आहे 'द लास्ट एक्स्प्रेस', १९९७, जॉर्डन मेकनरचा. प्रकाशक ब्रोडरबंडचा मार्केटिंग विभागच खेळ बाजारात यायच्या सुमारास रिकामा झाला, जाहिरात झाली नाही, आणि वर्षानुवर्षांची मेहनत कुणाला न कळता दुकानातून उठली. १९१४ चा जुलै, महायुद्धाच्या तोंडावर पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलला निघालेली ओरिएंट एक्स्प्रेस. रचना आपल्याकडच्या फर्स्ट एसीच्या डब्यासारखी: एका बाजूने बोळ, दुसऱ्या बाजूला कूपे. खेळातला वेळ खऱ्या वेळेच्या सुमारे सहापट वेगाने सतत धावतो. तुम्ही जेवणाच्या डब्यात बसलात म्हणून दोन कूपे पलीकडचे भांडण थांबत नाही. म्हणून इतर खेळांची सवय, म्हणजे प्रत्येक खोली शांतपणे धुंडाळणे, इथे मारक ठरते. आधी कंडक्टर कुठे बसतो आणि कधी उठतो ते बघा. तो उठला की बोळ तुमचा. डब्यातला व्हायोलिन-पियानोचा कार्यक्रम बराच लांब आहे आणि सगळे प्रवासी तिथे बसलेले असतात, म्हणजे कूपे रिकामे. संगीत ऐकायचा मोह होईल. एकदा ऐका, मग घड्याळ मागे घेऊन शोधाला निघा.

या खेळात स्वतः सेव्ह करायची सोयच नाही. मुख्य पडद्यावरच्या घड्याळाने काळ मागे नेता येतो, पण मागे जाऊन पुन्हा खेळायला लागलात की त्यापुढचे जुने सगळे पुसले जाते. त्यासाठी वेगवेगळ्या रंगांची सहा अंडी दिलेली आहेत आणि प्रत्येक अंडे म्हणजे वेगळा प्रवास. एका रंगात सरळ खेळा, भाच्याला दुसरा रंग द्या, आणि कोणता रंग कुणाचा ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.